सातव्या खाटेच्या मोहिमेची हकिकत

श्रीधन्वंतरी समर्थ. देव प्रसन्न झालाच तर त्यानेही आधी केसपेपर काढावा, खिडकी बाराला बंद होते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, थोर शहरी एक सरकारी संस्थान नांदत होते, त्याची हकिकत ऐसी जे, ज्या रोग्यास इतर इस्पितळे म्हणत की हा लवकर बराही होत नाही आणि मरतही नाही, तो येथे पाठवावा आणि येथे त्याने व्हेंटिलेटर नामे यंत्रावर महिनोन्महिने श्वास घेत पडून राहावे. भिंतीस ओल, लिफ्टीस कुलूप, परंतु नाव मोठे. तेथे सातव्या खाटेवर अंकुशराव टेकाळे, सिटी बसचे कंडक्टर, न्युमोनिया चिघळून आले आणि त्यांच्या गळ्यास भोक पाडून नळी घातली आणि नळीस यंत्र लाविले, तेणेकरून बोलणे बंद जाहाले. उशाशी कुटुंब शेवंताबाई. मोहीम एकच की, राव यंत्र सोडून आपल्या छातीने श्वास घेतील तर घरी जातील, नाहीतर येथेच राहतील.

आता संस्थानचा रिवाज ऐसा की डॉक्टर सुभेदार दर काही महिन्यांनी बदलावा. पहिले सुभेदार आले आणि यंत्र रोज पाच मिनिटे काढीत, मग दहा, मग तास, ऐसे चढवीत आणिले आणि बदली जाहाली. मग दुसरे आले, म्हणाले, "आधीच्याचं सोडा. मी माझ्या पद्धतीनं करणार. पाच मिनिटांपासून." आणि पुन्हा गड अर्धा चढला आणि त्यांची परीक्षा आली, ते अभ्यासास गेले. शेवंताबाई बोलल्या, "अहो सिस्टर, ह्यांना पहिलीतनं दुसरीत कुणी जाऊच देत नाही." डिसिल्वा सिस्टर, ज्या सर्व सुभेदारांच्या आधीपासून वॉर्डाच्या गादीवर, त्या म्हणाल्या, "ताई, मी नोकरीला लागल्यापासून पहिलीतच आहे."

मग काय वर्तमान जाहाले. नगरसेवक भाऊसाहेब यांचे मामा पोटात गॅस धरून स्पेशल खोलीत दाखल जाहाले आणि भाऊसाहेबांनी फोनवर फर्माविले, "मामांच्या बाजूला व्हेंटिलेटर पाहिजे. लागो न लागो." यंत्रे सगळी गुंतलेली, जे बिघडले ते दुरुस्तीस, जे नवे ते स्टोअरात आणि स्टोअरची किल्ली घेऊन कारकून गावी जत्रेस. मग वरून हुकूम आला की सातव्याचे काढा, त्याला तासभर नुसत्या ऑक्सिजनवर ठेवा, दुसरे लगेच पाठवितो. सिस्टर भांडल्या, "तिकडचा माणूस पेपर वाचतोय. इकडचा मशीनवर जगतोय." उत्तर आले नाही, वॉर्डबॉय आले. यंत्र मिरवीत नेले आणि मामासाहेब त्यावर चष्म्याचे घर ठेवून पेपर वाचीत बैसले.

तास गेला, यंत्र आले नाही. शेवंताबाईंनी रावांच्या छातीवर हात ठेविला तो काढिला नाही. सिस्टर नळी साफ करीत आणि बोटाचा ऑक्सिजन पाहात आणि फोन करीत, आणि फोनवर "निघालंय, निघालंय" एवढेच. राव घामाघूम, डोळे बाईंकडे. बाई म्हणत, "घाबरायचं नाही. डबल ड्युटी समजा." मग संध्याकाळ जाहाली आणि वरची मंडळी घरी गेली आणि सातवी खाट साफ विसरली. विसरणे हे त्या संस्थानचे सर्वांत जुने औषध, फुकट मिळते. ह्या एकास ते लागू पडले. ज्यांस पडले नाही त्यांची बखर कोणी लिहीत नाही.

दुसरे दिवशी सकाळी यंत्र आले आणि मागोमाग तिसरे सुभेदार आले, नवेकोरे. खाटेकडे न पाहता म्हणाले, "लावून घ्या. उद्यापासून पाच मिनिटं सुरू करू." शेवंताबाई यंत्राच्या आड उभ्या राहिल्या. "डॉक्टरसाहेब, काल सकाळपासून ह्यांना मशीन नाही. पाच मिनिटं कुणाला शिकवताय?" सुभेदार हसले, मग बोटाचा आकडा पाहिला, मग हसले नाहीत. सुभेदारांवरच्या मोठ्या डॉक्टर मॅडम आल्या, छाती तपासली, रक्त तपासविले आणि बोलल्या, "मशीन परत न्या."

मग जयाचे वर्तमान फुटले आणि जो तो दौडत आला. पहिले सुभेदार फोनवरून म्हणाले पाया माझा, दुसरे म्हणाले पद्धत माझी, आणि भाऊसाहेब गुच्छ आणि फोटोवाला घेऊन जातीने आले, म्हणाले, "मशीन हलवायला मीच सांगितलं होतं. माझा विश्वास होता त्यांच्यावर." खाटेभोवती कडे पडले. सिस्टरांनी नळीस बोलावयाची झडप बसविली, म्हणाल्या, "हं, बोला टेकाळे." सर्व कान देऊन उभे की आता आभार. कित्येक महिन्यांनी रावांचा कंठ फुटला, घोगरा परंतु खणखणीत. "चला, पुढं चला. दारात गर्दी करू नका. मागच्यांना हवा येऊ द्या."

सारांश, अंकुशराव घरी गेले. दारावर अभिनंदनाचा फलक लागला, त्यात भाऊसाहेबांचा फोटो आणि रावांचे आडनाव चुकलेले. तिसरे सुभेदार गेले, चौथे आले. आठव्या खाटेस उद्या पाच मिनिटांपासून सुरुवात. येथवर लिहून लेखणी थांबविली.