बिनबैलाची भाजी

सुहासिनीबाईंची ऋषिपंचमी लग्नापासून कधी चुकली नव्हती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं तोंडात घालायचं नाही, हा नेम. पण मुलुंडच्या बाजारात भाजीवाल्या "बिनबैलाची आहे हो ताई" म्हणत पुढे करतील त्या भेंडीवर विश्वास ठेवायचा, की ऋषींवर भार टाकून मोकळं व्हायचं, हा प्रश्न दरवर्षी असे.

यंदा त्यांच्या यजमानांनी, मार्तंडरावांनी, तो सोडवायचं मनावर घेतलं. ते भांडुपच्या एका कारखान्यात इंजिनियर. कारखान्याने नांगरणीचं नवं यंत्र, पॉवर टिलर, बनवलं होतं आणि त्याची चाचणी मागच्या मोकळ्या जमिनीवर व्हायची होती.

"भेंडी, दोडका, माठ, सगळं तिथंच लावतो," ते म्हणाले. "बैलाची सावलीसुद्धा पडणार नाही."

"अहो, पण यंत्राचं चालतं का व्रताला?"

"पोथीत बैल वर्ज्य आहे, डिझेल नाही. देशभर टिलर फिरू लागले ना, की तुला रोज ऋषिपंचमी."

सुहासिनीबाईंना हे पटलं. त्यांनी शेजारच्या क्षमाला हळूच सांगितलं, क्षमाने खालच्या रत्नप्रभाबाईंना, आणि बघता बघता अख्ख्या बिल्डिंगची ऋषिपंचमी टिलरवर येऊन बसली. सुहासिनीबाई प्रत्येकीला शब्द देत गेल्या.

पंचमीला घरोघरी भाजी शिजली. क्षमा आणि रत्नप्रभाबाई सुहासिनीबाईंकडेच जेवायला आल्या. पानं वाढली, एवढ्यात टिलर चालवणारा धोंडिराम उरलेली कणसं घेऊन दारात आला.

"घ्या वैनी. लई हाल काढले बगा ह्या भाजीनं."

"धोंडिराम, तू निघ आता," मार्तंडराव घाईने म्हणाले. "उशीर होईल तुला."

"थांबा हो भावोजी," क्षमा म्हणाली. "हाल कसले रे? यंत्र होतं ना?"

"व्हतं की. पहिल्याच दिशी चिखलात रुतलं. पार इंजनापत्तुर."

रत्नप्रभाबाईंनी उचललेला घास पानात ठेवला. "मग बाहेर कशानं काढलं?"

धोंडिराम मार्तंडरावांकडे बघू लागला. सुहासिनीबाईंच्या डोळ्यांपुढे बिल्डिंगमधली एकेक कढई आली. आपला नेम मोडला ते मोडला, पण इतक्या जणींचा मोडल्याचं पाप कुठल्या जन्मी फिटायचं?

"खरं सांग हं धोंडिराम," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बैल लावलात?"

"बैल? भांडुपात कुठला बैल, वैनी. तबेल्यात गेलतो, पण भय्या म्हशी देईना. मग सायबांनीच दोर खांद्यावर घेतला. मी मागनं ढकललं."

"आणि मग यंत्र चाललं?"

"छ्या. त्यात पानी गेलं. पन मोठं सायेब बघायला येनार व्हते, रान तर तयार पायजे. मग जुना लोखंडी नांगर काडला. मी धरला, सायबांनी वढला. चार रविवार."

मार्तंडराव खिडकीतून समोरच्या टाकीकडे बघत होते, जणू ती टाकी आजच बांधली होती.

क्षमा तोंडाला पदर लावून हसू लागली. रत्नप्रभाबाई मात्र गंभीर होत्या. "बैल नव्हता, हे ठीक. पण सुहासिनीबाई, नवऱ्याच्या कष्टाचं चालतं का व्रताला?"

सुहासिनीबाईंनी हात जोडले, ऋषींचं नाव घेतलं आणि सगळ्यांच्या पानात शांतपणे भाजी वाढली.

"वर्षभर दुसरं काय खातो आपण?" त्या म्हणाल्या.