मनोऱ्यातला गणपती

सबनीसकाकांच्या फॅमिली रूममध्ये पाऊल टाकलं आणि हातातला मोदकांचा डबा पडता पडता राहिला. मखराच्या जागी पुठ्ठ्याचा गोल मनोरा होता, चांगला छताला टेकेल एवढा, वर टोकदार टोपी. माझ्या डोक्याच्याही वर एक चिमुकलं दार, त्या दारात बाप्पा. आणि टेकवून ठेवलेली शिडी!

"राउंड टॉवर, आयर्लंडचा!" काका म्हणाले. "पाया बघा, पाया!"

काका रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी आयर्लंडची टूर करून आले ते हे मनोरे डोक्यात घेऊनच. अमेरिकेतल्या आमच्या एडिसनमध्ये तुम्ही डोसा खात असा नाहीतर गाडी पार्क करत असा, काका गाठणारच. "हजार वर्षांपूर्वीची मठांची घंटाघरं. दार दहा-दहा फुटांवर! लोक म्हणतात, लुटारू आले की साधू आत जाऊन शिडी वर ओढून घ्यायचे. बंडल! पाया उथळ असतो हो. बुंध्यात दार पाडलं तर मनोरा कमजोर होईल." विचारलेलं कुणीच नसायचं.

पण म्हणून देवाला वर चढवायचं? मी हबकलेच. आरतीला आलेल्या नेनेमावशींनी कपाळावर हात मारला. "अहो, गुडघे बदललेत माझे! आरती काय लटकून करू?"

"आई, धिस इज सो नॉट सेफ," माझी लेक कुजबुजली.

मी तडक काकांना किचनमध्ये गाठलं. "काका, कटर द्या. दार खाली पाडू या. काकूंनी हे चालवून घेतलं असतं का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. सुधाकाकूंना जाऊन वर्ष झालं होतं. मखर दरवर्षी त्याच करायच्या.

काका ड्रॉवर उघडून कटर शोधू लागले. "तिनं विचारलं होतं," ते ड्रॉवरकडेच बघत म्हणाले. "टॉवरखाली उभी राहून. 'दार एवढं वर का हो?' मी म्हटलं, चल, बस सुटेल. घरी आल्यावर सगळं वाचून काढलं. तोवर ती हॉस्पिटलमध्ये. म्हटलं, बरी झाली की सांगू."

कटर सापडला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

मला माझीच लाज वाटली. कटर ड्रॉवरमध्ये टाकून मी बाहेर आले, कापूर लावून आरतीचं तबक उचललं आणि शिडी चढले. नेनेमावशींनी 'अगं अगं' करत खालून शिडी धरली. वरून मी मोठ्यानं विचारलं, "काका, दार एवढं वर का हो?"

काकांनी घसा खाकरला आणि सांगायला लागले, अगदी पायापासून. बघत मात्र होते भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे. तबकातला कापूर विझला. तो पुन्हा लावायची घाई कुणी केली नाही.