उठून बस, मंग वळ

आमच्या घरात कुणालाही पडल्या पडल्या कूस बदलायची सोय नव्हती. भागाआत्याला ऐकू जायचं. ती माजघरातल्या खांबाला टेकून बसलेली असायची, डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. वाटावं, लागला हिचा डोळा. पण गोधडी जराशी हलली की मिटल्या डोळ्यांनीच हुकूम सुटायचा, "उठून बस. मंग वळ."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरीच राहिलेली. मी पहिल्या बाळंतपणाला तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा मला नववा लागला होता. उताणं पडलं की जीव गुदमरायचा, डावीकडे मांडी बधिर व्हायची, उजवीकडे पोटातलं लाथा घालायचं. घटकेघटकेला वळावं लागे. आणि वळायचं ते आत्याच्या कायद्यानं: हात टेकायचा, कण्हत उठून बसायचं, दम घ्यायचा आणि मग दुसऱ्या अंगावर पडायचं. तोवर आलेली झोप पार अकोल्याला पोचलेली असायची.

"आत्या, थकली ना वं मी."

"थक. पर नाळ वेलावानी असते, माय. पडल्या पडल्या वळलं का लेकराच्या गळ्याले गुंडाळते. आपली कपिला पाह्य. गाय असून उठल्याबिगर कूस बदलते का? जनावराले समजते, तुले काहून समजत नाई?"

गाईपुढे हार मानून मी हात टेकला आणि उठून बसले.

त्या साली सातासमुद्रापार कुठे तरी लढाई जुंपली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अकोला-उमरावतीचे दलाल दारात यायचे. असाच एक ढेरपोट्या दलाल जेवून ओसरीवर लवंडला. तो जरा वळायला लागला तशी आतून आरोळी आली, "उठून बस! मंग वळ!" बिचारा दचकून उठला, बसला, आतल्या अंधाराला हात जोडले आणि मग वळला. बाबा चिडले, तर आत्या म्हणते, "पोट त पाह्य त्याचं. मले आतून का मालूम?"

माजघरात आढ्यापर्यंत कापूस होता आणि मी भुईवर पातळ गोधडी घालून कण्हत होते. एक उशी मागितली तर बाबा म्हणाले, "हंगाम जाऊ दे."  दुसऱ्या दिवसापासून आत्या ओच्यात कापूस पळवायला लागली. सरकी टोचेल म्हणून एकेक बी बोटांनी काढायची. चार दिवसांत लांबोडकी उशी शिवून तिनं माझ्या पोटाखाली सारली. ढीग का खचला म्हणून बाबांनी विचारलं, तर म्हणाली, "उंदरं."

उशी झाली, पण कायदा तोच. एका दुपारी आत्या गोठ्यात गेली होती. मी इतकी थकले होते की तशीच वळले. उठले नाही, बसले नाही. काय सुख होतं ते! तेवढ्यात आई दिसली. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"तिच्यासमोर नोको करू, सारजा," आई हळूच म्हणाली. "तिचं एकच लेकरू झालं होतं. गळ्याले नाळेचे दोन वेढे घेऊन आलं, रडलंच नाई. तिची सासू म्हणे, झोपेत वळली असशीन. तवापासून भागाबाई कधी आडवी झाली नाई."

 तिथून पुढे दर खेपेला मी उठून बसून वळले, कुरकूर न करता. ती एक दुपार मात्र मनात टोचत राहिली.

मग एका सकाळी मला मुलगी झाली. सुईण सहज म्हणाली, "वेढा होता गळ्याले. बोटानं काढला. असे लय लेकरं येतेत." पोर तर घर डोक्यावर घेत होती. पण आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती माझ्याजवळ येऊन बसली. 

"सारजा, खरं सांग. तू दर बारीले उठून वळली ना?"

ती दुपार अगदी ओठांपर्यंत आली. मी ती गिळली.

"दर बारीले, आत्या. एकडाव बी चुकली नाई. कपिलेची आन."

"मंग वेढा कसा पडला?"

"वळल्यानं नाई पडत तो. तुह्या बारीले बी तसा नाई पडला."

आत्यानं सुईणीकडे पाहिलं. सुईण पोरीला पुसता पुसता म्हणाली, "लेकरूच आत घुमते, बाई. मायचा का गुन्हा?"

 आत्यानं माझी ती लांबोडकी उशी ओढून घेतली आणि माझ्या शेजारी पाय पसरून आडवी झाली. मी तिला जन्मात आडवी पाहिली नव्हती. जरा वेळात ती घोरायला लागली. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

माझे डोळे मिटत होते, तरी मी जागी राहिले. मला बघायचं होतं. आत्यानं झोपेतच कूस बदलली. उठली नाही, बसली नाही. पोरीकडे तोंड करून नुसती वळली.