हे नाक कृष्णाक्कांचं

आमच्या हिंडलग्यात कुणाचं नाक सरळ दिसलं की कृष्णाक्का त्याला थांबवतात, नाकावरून अंगठा फिरवतात आणि सांगतात, "ह्ये माझं हाय." मग तो बँकेचा मॅनेजर असो नाहीतर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. परवा एका लग्नात अक्षता पडायच्या आधी नवरदेवाला खाली वाकवून त्यांनी नाक तपासलं. चाळीस वर्षं गावातली बाळं आक्कांनी पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातली आणि नाकं चिमटीत धरून ओढली. कुणी नकटं दिसलं की ठरलेलं, "ह्यो बेळगावात न्हायलाय, आमच्याकडं न्हाय!" स्वतःला मूल झालं नाही. कुणी कीव करायला गेलं तर म्हणतात, "गल्लीत हुबी ऱ्हा आनि नाकं मोज."

माझी पूजा जर्मनीत, म्युनिकला बाळंत झाली आणि ऐन वेळी माझा व्हिसा अडकला. बाळ दहा दिवसांचं. पाण्यात घातलं की टाहो फोडायचं. पूजाला ते बघवायचं नाही, आणि फोनवर आम्ही मायलेकी दोघी रडायचो. शेवटी मी व्हिडिओ कॉल लावला आणि आक्कांना हाक मारली. त्या परसातला दुधी भोपळा माझ्यासाठी घेऊनच आल्या.

"न्हाऊ कोन घालतंय?"

"जावई. प्रवीण."

"बाप? का, नोकरी गेली व्हय त्याची?"

"रजा आहे, आक्का. बाळासाठी बापालाही पगारी रजा देतात तिकडे."

"आमच्यात बाप बारशाला येतोय, पेढं खाऊन जातोय."

तिकडेही सुईण घरी येते हे ऐकून त्यांना लई बरं वाटलं. पण त्या बाईचे नियम ऐकले आणि कपाळाला आठ्या पडल्या. आंघोळ आठवड्यातून दोनदाच, तेल बेतानं.

"दोनदा? मग मधल्या दिवशी लेकरू करतंय काय? आनि नाक?"

"नाकाला हात लावायचा नाही म्हणते."

आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण आक्कांनी फोनमधला पूजाचा सुजलेला चेहरा बघितला. "ऱ्हाऊ दे गं नाक. सुईणीचा शबूद मोडू नगंस." चाळीस वर्षांत त्यांनी सोडलेलं हे पहिलं नाक.

मग न्हाणीत पाय पसरून बसल्या, दुधी पायांवर घेतला आणि तांब्यानं पाणी घालत दाखवू लागल्या. "प्रवीण, बघ रं हिकडं. डावा हात मानंखाली. पानी आधी पायावर, मग पोटावर. तू घाबरलास की त्येला कळतंय."

तिकडे टबाशी गुडघे टेकून प्रवीण तसंच करत गेला. बाळ एकदा मुसमुसलं आणि गप्प झालं. बापाकडं टकामका बघत राहिलं. पूजा हसली. दहा दिवसांनी हसली माझी पोर!

"बघितलंस सुमन? म्युनिकात माझा चेला हाय!" आक्कांची मान अशी ताठ झाली, की माझीही झाली. आमच्या गल्लीची बाई होती ती.

फोन बंद केला. मी हसतच दुधी उचलायला गेले. "द्या आक्का, संध्याकाळच्या भाजीला चिरते."

आक्कांनी तो पदरात ओढून घेतला. हळूहळू टिपून कोरडा केला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "न्हायलेलं लेकरू कोन चिरतंय गं?"

मी हात मागे घेतला. दुधी खांद्याशी धरून आक्का घराकडं निघाल्या. कोपऱ्यावर कुणीतरी विचारलं, "आक्का, दुधी कुठनं आनला?"

"हळू बोल," आक्का थोपटत म्हणाल्या, "आत्ता डोळा लागलाय."