मामांना आदिलेत सोडलं त्याची गोष्ट

"नदीचं माझ्यावर सोडा! चुलीवरचा चहा उतू जायच्या आत परत येतो की नाही बघा!"

भरल्या भावकीत मी हे छाती काढून बोललो. वारले होते माझे मामा, तात्याबा. जन्मभर सोलापुरात गिरणीच्या मागावर राबले आणि सुट्टीच्या दिवशी आदिला नदीच्या काठी गळ टाकून बसले. मासा कधी लागला नाही, पण बसणं सुटलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "मला आदिलेत सोडा."

गेले ते ऐन वैशाखात. भावकी म्हणाली, ओढ्याएवढी ती नदी, तिथं कसल्या अस्थी सोडता? मंगळवेढ्याचे पाहुणे तर भीमेवर न्यायला गाडी जुंपायला उठले! गोजामामी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मला सोसेना, म्हणून चेव आला.

आदिला मी शेवटची पाहिली होती ती श्रावणात, हे मात्र ध्यानात आलं नाही!

पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं मी काखेत घेतलं. मामी ऐकेनात, त्याही निघाल्या. नदीकाठच्या बागेतून खाली उतरायची वाट होती. उतरून बघतो तर पात्र वाळत घातलेल्या धोतरासारखं पसरलेलं! पाण्याचा टिपूस नाही. पाणी होतं ते फक्त बागेच्या हौदात. त्या हौदाकडे मी नुसतं वळून पाहिलं, तोच माळी निंगप्पा खुरपं घेऊन धावत आला.

"ए! मडकं खाली ठेव! रोपं मराय लागल्यात आन् तू पाणी चोरतोस?"

"अहो, यात पाणी न्हाय! मामा हायत!"

"कुनाचं मामा?"

"माझं!"

निंगप्पानं मडक्याकडे पाहिलं, मग मामींच्या मोकळ्या कपाळाकडे. खुरपं पाठीमागं लपवत तो हळूच म्हणाला, "वर वाडीपाशी जावा. तितं वाळूत वल हाय. उकरलं तर लागंल पाणी."

उन्हातान्हात वाडी गाठली. मडकं बाजूला ठेवून मी दोन्ही हातांनी वाळू उकरायला बसलो. काठावर शेरडं राखणारी मायाक्का उभी होती. तिनं उकरलेली वाळू पाहिली, तोंड बांधलेलं मडकं पाहिलं, आणि ती जी वाडीकडे पळत सुटली!

"धन सापडलं! नदीत धन सापडलं!"

बघता बघता सगळी वाडी कुदळी-फावडी घेऊन लोटली. पुढं पोलीस पाटील सिद्धलिंगप्पा. मी मडकं पोटाशी कवटाळलं, आणि तिथंच चुकलं! लोकांची खात्रीच पटली.

"ही वाळू आमच्या शिवारातली," पाटील गरजले. "निम्मं आमचं!"

"यातलं निम्मं देता येत नाही हो!"

"का? सगळं एकटाच गिळनार व्हय?"

कुणी माझा सदरा ओढला, कुणी मडक्याला हात घातला. मडकं निसटायला लागलं. तेवढ्यात मामी पुढं झाल्या. लोक आपोआप मागं सरले. मामींनी फडक्याची गाठ स्वतःच्या हातानं सोडली.

"बघा," त्या म्हणाल्या. "ह्यो माजा मालक हाय."

पाटलांनी डोईचा पटका काढून काखेत धरला. मायाक्कानं पदर तोंडाला लावला. मग कुणी काही न सांगता पहिली कुदळ वाळूत पडली, तिच्यामागं दुसरी. धनासाठी आणलेल्या कुदळींनी माझ्या मामांसाठी झिरा काढला. वीतभर पाणी पाझरलं, गढूळ, पण गार.

मामींनी अस्थी सोडल्या. राख पाण्यावर एकदा गोल फिरली आणि जागच्या जागी थांबली. वाहायला नदीच कुठं होती?

"मामी," मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "मामा हलंनात!"

मामी वाकून बघत होत्या. "ऱ्हाऊ दे. जन्मात कुर्डुवाडीच्या पल्याड गेलं न्हाईत. आता तरी कसली घाई हाय? पाऊस आला की जातील."

मायाक्का रिकामी घागर घेऊन उभी होती. वाडीच्या विहिरीनं तळ गाठला होता, हे मला तेव्हा कळलं. पाटलांनी झिऱ्याभोवती दगड मांडले. "पाऊस पडंस्तवर हितं कुनी घागर बुडवायची न्हाय. आपुन वरल्या अंगाला दुसरा उकरू."

एकानंही कुरकुर केली नाही. दमलेली माणसं पुन्हा कुदळी उचलून वर गेली.

परतताना मामी पहिल्यांदाच रडल्या, चालता चालता, आवाज न करता. बागेपाशी निंगप्पानं हौदातून तांब्या भरून पुढं केला. मामी घोटभर प्याल्या, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळल्या.

"बाळासो."

"काय, मामी?"

"मी आपली भादव्यातच जाईन बाबा. तुज्या भरवशावर उनाळ्यात मराय नगं."

मी खाली मान घालून म्हणालो, "व्हय."