सापडलेली वस्तू: काळज्यांची वही, एक

वही घरी लिहायची नाही, बसमध्ये लिहायची, एवढंच मी ठरवलं होतं. माणसं याहून कितीतरी मोठे निर्णय घेतात आणि ते त्यांना पचतातही. माझ्या या एवढ्याशा निर्णयाने मात्र मला, माझ्या बायकोला आणि माझ्या साहेबांना एकाच टेबलाशी, एकाच पानावर आणून उभं केलं.

आधी वही कुठून आली ते सांगतो. मी काळजी करणारा माणूस आहे. लोक काहीतरी घडलं की काळजी करतात. मी घडायची वाट बघत बसत नाही. बायकोला बाजारातून यायला दहा मिनिटं उशीर झाला, की पहिल्या पाच मिनिटांत मी जवळचे दवाखाने आठवतो आणि पुढच्या पाच मिनिटांत कुणाकुणाला कळवायचं याची यादी करतो. (एकदा ती यादी इतकी रंगली, की बायको दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तिला म्हणालो, थांब जरा, एक नाव आठवत नाहीये.) बाहेर पडताना घराचं कुलूप मी तीनदा ओढून बघतो. चौथ्या वेळी बायको ओढते. कुलूप नाही, मला.

शेवटी तिच्याच आग्रहाने मी एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. बाई फार शांत होत्या. इतक्या, की मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. त्यांनी सांगितलं, की घटनेने माणूस घाबरत नाही. घटना आणि घाबरणं यांच्या मधे एक वाक्य असतं आणि ते आपण मनात इतक्या झटकन म्हणतो, की आपल्यालाच ऐकू येत नाही. ते वाक्य पकडायचं आणि त्याच्याकडे पुरावा मागायचा. याला विवेकनिष्ठ उपचार म्हणतात. आणि हे काही आजचं नाही म्हणाल्या. दोन हजार वर्षांपूर्वी स्टोइक म्हणून तत्त्वज्ञ होऊन गेले, ते आपल्यावर काय काय वाईट ओढवू शकतं याचा आधीच शांतपणे विचार करून ठेवायचे, म्हणजे मग ते ओढवलं तरी पाय डगमगत नाहीत.

मी म्हटलं, बाई, हे तर मी शाळेत असल्यापासून करतोय.

त्या म्हणाल्या, तुम्ही अर्धंच करता. वाईट घडतं तिथेच थांबता. पुढचा प्रश्न विचारत नाही, की मग मी काय करीन?

म्हणून वही. रोज दहा मिनिटं बसून सर्वांत वाईट काय घडेल ते लिहायचं आणि त्याच्याखाली 'मग काय करीन' ते. अट एकच होती. 'मला सहन होणार नाही' असं वाक्य आलं, तर ते खोडायचं, कारण ते खरं नसतं. त्याऐवजी आपल्या हातून जे खरोखर होऊ शकेल असं काहीतरी साधं लिहायचं.

आता हे घरी कसं लिहिणार? बायको समोर बसून शेंगा सोलतेय आणि मी तिच्याकडे बघत बघत तिच्या मरणाची तजवीज करतोय, हे मला बरं दिसेना. म्हणून बस.

नोकरीचंही सांगायला हवं. मी शहर बस सेवेच्या 'सापडलेल्या वस्तू' विभागात कारकून आहे. लोक बसमध्ये जे विसरतात ते आमच्याकडे येतं. छत्र्या, चष्मे, डाव्या पायाचे बूट, कवळ्या. (कवळी विसरून माणूस घरापर्यंत जातो कसा, हे मला अकरा वर्षांत कळलेलं नाही.) आमच्या साहेबांना विभागात सगळे 'नियमावली' म्हणतात, अर्थात त्यांच्या मागे. ते रोज वेळेवर येतात आणि छत्रीची नोंद करतानासुद्धा तिच्या काड्या मोजतात.

त्या दिवशी मी बसमध्ये लिहीत होतो आणि अचानक वाटलं, की आपला स्टॉप मागे गेला. गेला नव्हता. पण पुरावा मागायच्या आत मी उतरून मोकळा झालो होतो. एक स्टॉप चालत ऑफिसात पोचलो, खुर्चीत बसलो, आणि हात खिशात घातला तेव्हा पेन होतं, वही नव्हती.

मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे मनातलं वाक्य पकडलं. वाक्य होतं, 'मेलो.' त्याला पुरावा मागितला. पुरावा अकरा वाजता येणार होता. रोज अकराला डेपोतून सापडलेल्या वस्तूंची गोणी येते आणि ती मीच उघडतो. म्हणजे वही गुपचूप काढून घेतली की झालं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी अकरा वाजेपर्यंत चार वेळा पाणी प्यालो.

गोणी आली आणि मी तिच्यावर अशी काही झडप घातली, की नियमावलींनी मान वर केली. अकरा वर्षांत कामाबद्दल इतका उत्साह त्यांनी माझ्यात पाहिला नव्हता. आज मीच उघडतो, ते म्हणाले.

दोन छत्र्या, एक डबा, एक स्वेटर, वही. वहीवर नाव नव्हतं. नाव घालायची लाज वाटली होती. पण आतल्या पानावर घरचा फोन नंबर होता. (वस्तूंवर फोन नंबर घाला, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. हा सल्ला ऐकणारा मीच एक निघालो.) नाव नसलेली वही मालकाचा अंदाज येण्यापुरती वाचावी, असा नियम आहे. नियमावली वाचायला लागले. बसच्या हादऱ्यांनी माझं अक्षर असं झालं होतं, की रोज माझी रजिस्टरं तपासणाऱ्या या माणसालाही ते ओळखू आलं नाही. तेवढा एक दिलासा होता.

थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढला, उठून दार लावलं आणि वही माझ्यापुढे ठेवली.

'एक. सासूबाई जिन्यावरून पडल्या. मग काय करीन? दोन दिवस रजा. दोन. साहेब अचानक गेले. मग काय करीन? शोकसभेत बोलावं लागेल. तीन. बायको गेली. मग काय करीन? दूधवाल्याला लिटरऐवजी अर्धा लिटर सांगीन.'

"तीन माणसं आहेत," नियमावली हळू आवाजात म्हणाले. "क्रम ठरलेला आहे. दुधाचंसुद्धा ठरलेलं आहे."

मी म्हटलं, असेल कुणाची तरी गंमत.

"यात एक साहेबही आहे," ते म्हणाले. "बिचाऱ्याला कल्पनाही नसेल, की हाताखाली काय बसलंय." आणि त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. नंबर लावा म्हणाले.

खरं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं. सर्वांत वाईट काय होईल, असं मी स्वतःला विचारलंही. पण जे उत्तर यायचं ते समोर बसून माझ्याकडेच बघत होतं. मी घरचा नंबर लावला.

"नमस्कार," मी आवाज जाड करून म्हणालो, "सापडलेल्या वस्तूंच्या विभागातून बोलतोय."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "घसा बसलाय का?"

"आपल्या घरातल्या कुणाची वही हरवली आहे का?"

"अहो, असं काय बोलताय? बरं वाटत नाहीये का?"

"मॅडम," मी म्हणालो, "मी आपल्याला ओळखत नाही."

नियमावलींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला धीर देत सांगितलं, की घाबरू नका, पण तुमच्या घरातलं कुणीतरी तुमच्या पश्चात दुधाचं काय करायचं ते लिहून बसलंय, तर ताबडतोब इकडे या, आणि एकट्या येऊ नका.

ती एकटीच आली. अर्ध्या तासात, घरातल्या सपाता घालून, हातात माझ्या सगळ्या तपासण्यांची फाइल घेऊन. नियमावली अदबीने उठून उभे राहिले. तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती तडक माझ्याकडे आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि प्रत्येक शब्द सुटा करत विचारलं, "सांगा, मी कोण आहे?"

तिला वाटलं होतं, माझी स्मृती गेली.

"बायको," मी म्हणालो.

"कुणाची?" नियमावलींनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. बाई, विवेक, स्टोइक, बस, चुकलेला स्टॉप. नियमावलींनी सगळं ऐकून घेतलं. मग वही परत उघडली आणि दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं.

"म्हणजे हे साहेब..."

"आपण," मी म्हणालो.

पुढची ओळ त्यांनी मघाशी वाचली नसावी. ती त्यांनी आता मोठ्याने वाचली. 'शोकसभेत काय बोलीन? वेळेवर यायचे.' मग पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"एवढंच?"

"त्या दिवशी तेवढ्यात माझा स्टॉप आला," मी म्हणालो.

एकतीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस तो. त्यांनी बराच वेळ पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. मग म्हणाले, की मी वेळेवर येत नाही, दहा मिनिटं आधी येतो. ती दुरुस्ती त्यांनी माझ्याकडून तिथल्या तिथे करून घेतली आणि बाजूला सही घ्यायलाही विसरले नाहीत. वही मिळाल्याची पोच घेतली. आणि मी मागितली नसताना अर्ध्या दिवसाची रजा दिली. त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल, याचा मला अंदाज आला.

बसमध्ये बायको एक शब्दही बोलली नाही. मला तिच्या बोलण्याची भीती वाटत नाही; ती बोलून मोकळी होते. घरी आल्यावरही ती खांद्यावरची पर्स न काढता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. मी 'ही आता निघून जाणार' हे वाक्य मनात पकडलं, पुरावा मागितला, आणि पुरावा तिच्या खांद्यावर लटकत होता.

मी तिला समजावायला लागलो, की हे तत्त्वज्ञान आहे, यात मरण म्हणजे मरण नसतं, सराव असतो. ती म्हणाली, मला तत्त्वज्ञान नको. माणसं मरतात, मीही मरेन, त्याचं मला काही नाही.

"पण अर्धा लिटर?" ती म्हणाली. "वीस वर्षांचा संसार, आणि मी गेल्यावर तुम्हाला दूध आठवणार."

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. सासूबाईंच्या ऑपरेशनला नर्सशी खिडकी उघडण्यावरून वाद घालणारी बाई ही. मला काय करावं कळेना. मी फ्रिज उघडला आणि परत लावला. (आत दूध होतं. ते बाहेर काढायची ती वेळ नव्हती.)

ती वही घेऊन खिडकीपाशी गेली. तिसऱ्या कलमाच्या वर बऱ्याच ओळी खोडलेल्या होत्या. हे काय खोडलंय, तिने विचारलं. मी म्हटलं, चुकलं होतं. तिने पान काचेवर उजेडात धरलं आणि बोटाने एक एक ओळ वाचत खाली आली. सात ओळी होत्या. मी तीन दिवस त्याच पानावर अडकलो होतो. सातही ओळींत एकच वाक्य होतं: 'मला सहन होणार नाही.'

"हे का खोडलं?"

"बाईंनी सांगितलंय. ते विवेकाला धरून नाही."

"आणि आठवी ओळ दुधाची."

"दुसरं करता येण्यासारखं काही सुचेना," मी म्हणालो.

ती खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर भिंत आहे. मग तिने पर्स काढून खुंटीला लावली, डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकट्याला अर्धा लिटर कशाला लागतंय? नासून जाईल. पाव सांगा."

पुढच्या खेपेला बाईंकडे ती माझ्याबरोबर आली. मला त्यांना दोनच मिनिटं भेटायचंय म्हणाली. काही वाक्यं खोडायला लावू नका, एवढंच सांगायचंय. ती आत गेली, मी बाहेर बाकावर बसलो. दोनाची दहा झाली, दहाची तीस. मला खात्री होती, की आत माझ्या तक्रारी चालल्या आहेत. दार नीट लागलेलं नव्हतं, त्यामुळे ऐकू येत होतं. तक्रारी नव्हत्या. हे बसमधून भलत्याच ठिकाणी उतरतात, मग रस्ता कसा ओलांडत असतील. हे रात्री घोरायचे थांबले की मी उठून श्वास बघते. मी आधी गेले तर हे आवराआवर तरी करतील का, की यादीच करत बसतील. कधी कशाला न घाबरणारी माझी बायको तासभर पुरतील इतक्या काळज्या घेऊन गेली होती आणि सगळ्या एकाच माणसाच्या होत्या.

बाई तिला म्हणाल्या, कागदाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे जे आपल्या हातात आहे ते लिहा, उजवीकडे जे बाहेर आहे ते. बाहेरचं बाहेर आहे हे एकदा मान्य केलं, की निम्मं ओझं उतरतं. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. बायको भराभरा लिहीत होती. मग पेन थांबलं. आता आपली पाळी म्हणून मी उठलो आणि दाराला हात लावला.

"आणि हे?" तिने बाईंना विचारलं.



"त्यांना बाहेरच राहू द्या," त्या म्हणाल्या.

मी परत बाकावर बसलो. बाहेर म्हणजे रकान्यात की बाकावर, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.