गळ्यातल्या सवतीची पडताळणी

खरं काय आणि खोटं काय, हे आपल्याला नुसत्या वासावरून कळतं, असं कोल्हारच्या मच्छिंद्रभाऊंचं म्हणणं होतं. रस्त्याकडेच्या त्यांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जो कुणी टेकेल, त्याला ते चहाच्या आधी ऐकावं लागे! जळालेल्या पंपाची तार हातात आली की ती तांब्याची की नुसती तांब्याच्या रंगाची, हे भाऊ डोळे मिटून सांगत. मग नाणी ती काय अवघड? तीन महिन्यांपूर्वी त्यांना नाणी जमवायचा नाद लागला आणि तिसऱ्याच महिन्यात ते तज्ज्ञ झाले.

त्यांच्याकडचं सगळ्यात भारी नाणं मात्र त्यांच्या डब्यात नव्हतं. ते त्यांच्या बायकोच्या, गोजरबाईंच्या गळ्यात होतं. राणीछाप चांदीचा रुपया, सन अठराशे बासष्ट! चांदीच्या कड्यात बसवलेला, काळ्या दोऱ्यात ओवलेला. आणि तो गोजरबाईंची सवत होता.

भाऊंची पहिली बायको कौसल्या लग्नानंतर चार वर्षांत तापाने गेली. गोजरबाई दुसरेपणावर आल्या, तेव्हा रीतीप्रमाणे सोनाराकडून हा रुपया आणला आणि 'ही थोरली' म्हणून त्यांच्या गळ्यात घातला. गेलेली अशी गळ्यात बांधून ठेवली म्हणजे घरात फिरत नाही. नाही बांधली, तर दुसरीलाही आपल्या मागोमाग घेऊन जाते. गोजरबाईंचा यावर पक्का विश्वास! सतरा वर्षं नवी साडी आधी रुपयाला लावायची, सणाची पहिली पोळी रुपयाला दाखवायची, भाऊंची गाऱ्हाणी रुपयाला सांगायची. कौसल्येला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि घरात तिचा फोटोही नव्हता. त्यामुळे थोरली म्हणजे धारदार नाक आणि डोक्यावर मुकुट, असंच त्या धरून चालत.

भाऊंना या थोरलीला मार्क हवे होते! नाण्यांना मार्क देणाऱ्या कंपन्या असतात. नाणं अस्सल आहे का, किती झिजलंय, हे पाहून त्या सत्तरपैकी मार्क देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. सावेडीतल्या निवृत्त योहान सरांकडे अशा कितीतरी डब्या होत्या. चाळीस वर्षं नाणी जमवणारा हा माणूस भाऊंचा गुरू.

"कंपनी कोणती धरायची, सर?" भाऊंनी विचारलं.

"जो स्वतःच नाणी विकतो, त्याच्याकडून मार्क घेऊ नका," सर चष्मा पुसत म्हणाले. "डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की तेच नाणं फोटोसकट दिसलं पाहिजे. आणि मच्छिंद्रराव, मुख्य म्हणजे 'नाही' म्हणणारा माणूस शोधा. जो कुणालाच 'नाही' म्हणत नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत?"

भाऊ आधी शिर्डीला गेले. तिथे एका गाळ्यावर 'नाणी तपासून मिळतील, दहा मिनिटांत' असा बोर्ड होता. भाऊ कच्च्या गुरूचे चेले नव्हते! त्यांनी खिशातून साखर कारखान्याच्या गाडीतळावरचं जुनं पितळी टोकन काढलं. मध्ये भोक, वर '४७' आकडा. गाळ्यातल्या गृहस्थाने ते भिंगाखाली धरलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "साहेब, हे यादवांचं! सत्तेचाळिसाव्या राजाचं!"

"मार्क किती?"

"एकोणसत्तर. एक मार्क भोकाचा गेला."

टोकन डबीत बंद करून घेऊन भाऊ कोल्हारपर्यंत हसत आले. लबाड ओळखला होता! मग त्यांनी सरांच्या सगळ्या कसोट्या लावून लांबच्या शहरातली एक खडूस कंपनी शोधली. फोनवर तिथली बाई एकदाही गोड बोलली नाही. भाऊंना तेव्हाच खात्री पटली.

राहता राहिल्या गोजरबाई. भाऊ म्हणाले, "कडं ढिलं झालंय गं. रुपया पडंल एखाद्या दिशी. सोनाराकडनं पक्का बसवून आनतो."

गोजरबाईंनी रुपया मुठीत धरला. "किती दिस?"

"दोन."

"दोनच हां! जास्त झालं तर ती कुठं बसंल, म्या सांगू शकत न्हाई."

भाऊंनी रुपया काढून कुरिअर केला. रिकामं कडं मात्र गोजरबाईंनी गळ्यातून काढू दिलं नाही. थोरलीची जागा मोडायची नाही, म्हणाल्या.

दोनाचे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी दुपारी भाऊ जेवून दुकानात निघाले, तर उंबऱ्याबाहेर चपला भिंतीकडे तोंड करून लावलेल्या! नवऱ्याने जेवल्या जेवल्या पळू नये म्हणून कौसल्या चपला अशा लावायची. ही गोष्ट भाऊंनी कुणालाही सांगितली नव्हती.

"गोजर, चपला तू फिरवल्या का?"

"म्या कशाला हात लावू? म्या तर तुमाला वाढीत हुते."

हे खरं होतं. जेवण होईपर्यंत गोजरबाई समोरून हलल्याच नव्हत्या. बाहेर ऊन रखरखत होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भाऊंनी घाईघाईने चपला पायात घातल्या. तळवे गारठले! त्या उन्हात चपला थंडगार पडल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात घरात तिसरं ताट वाढलं जाऊ लागलं. "बसायला जागा न्हाई तिला, म्हनून घरात बसती," गोजरबाई सांगत आणि कोपऱ्यातल्या पाटाकडे बघून चुलीवरची भाकरी उलटत. दुपारची वीज गेलेली असायची, पंखा बंद, आणि त्या पाटावरचं ताट तेवढं हळूहळू थंड व्हायचं. भाऊ त्या बाजूला पाठ करून जेवायला लागले. मग पाठीलाच कुणीतरी बघतंय असं वाटायला लागलं, म्हणून पुन्हा तोंड करून बसले.

"काय म्हनती का ती?" त्यांनी एकदा धीर करून विचारलं.

"बोलत न्हाई फार. ऐकती लई." गोजरबाईंनी भाकरी थापता थापता पुढे म्हटलं, "आन आवं, मुकुट-बिकुट काय न्हाई तिला! सादी हाय बिचारी. हितं, डाव्या कानामागं तीळ हाय."

भाऊंचा घास हातातच राहिला. कौसल्येचा तो तीळ अंबाड्याखाली झाकलेला असायचा. तो नवऱ्यालाच ठाऊक होता!

त्यांनी दुकानात जाऊन, शटर अर्धं ओढून कंपनीला फोन लावला.

"माझी बायको... म्हंजी माझं नानं कधी परत यील?"

"रांगेत आहे," खडूस बाई म्हणाली.

"जरा घाई करा ना. घरी वाट बघत्यात."

"कोण?"

भाऊंनी उरलेलं शटरही खाली ओढलं. "दोघी."

पाचव्या आठवड्यात गोजरबाईंना ताप आला. आधी कसकस, मग सणकून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. कौसल्येचंही असंच झालं होतं. भाऊ उशाशी बसून राहिले. मार्क, डबी, नाद, सगळं त्यांना नकोसं झालं. आता हीसुद्धा जाते की काय, एवढा एकच विचार उरला.

"थोरली पायाशी बसलीय," गोजरबाई तापात पुटपुटल्या. "सोनाराला म्हनावं, बास झालं. आना तिला. बांधा माझ्या गळ्यात."

आणि त्याच सकाळी कुरिअरवाला आला! भाऊंनी दारातच पाकीट फाडलं. पारदर्शक डबी, आत राणी, वर इंग्रजी चिठ्ठी. भाऊंनी ती एकदा वाचली, दोनदा वाचली, मग नंबर साइटवर टाकून फोटोसकट वाचली. सगळीकडे तेच. मार्काची जागा कोरी. पुढे लिहिलं होतं: अस्सल नाही; अलीकडे ओतलेली नक्कल; चांदी नाही.

भाऊंनी सरांना फोन लावला. चिठ्ठी जशीच्या तशी वाचून दाखवली.

"अरे वा!" सर म्हणाले. "म्हणजे कंपनी विश्वासाची निघाली! अभिनंदन!"

भाऊंनी फोन ठेवला. ज्या रुपयाच्या भरवशावर ही बाई सतरा वर्षं या घरात निर्धास्त झोपली, तो सोनाराने दिलेला डुप्लिकेट! थोरली कधी बांधलीच नव्हती! हे आता हिला तापात सांगायचं? समोरून शिर्डीची एस.टी. चालली होती. दहा मिनिटांचं तर काम. तो गृहस्थ या राणीला एकोणसत्तर काय, एकाहत्तरसुद्धा मार्क देईल!

"आली का?" आतून हाक आली.

भाऊ आत गेले. डबी कड्यात मावेना आणि फोडल्याशिवाय उघडेना. शेवटी त्यांनी ती तशीच काळ्या दोऱ्याने बायकोच्या गळ्यात बांधली. शाळेतल्या पोरीच्या ओळखपत्रासारखी ती छातीवर लोंबायला लागली. गोजरबाईंनी ती चाचपली.

"ह्या चिठ्ठीवर काय लिवलंय?"

भाऊंनी खोटं बोलायला तोंड उघडलं. बायकोचे तापाने लाल झालेले डोळे त्यांच्याकडेच लागले होते. त्यांना ते जमलं नाही.

"गोजर, ह्यो रुपाया खोटा हाय," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "पयल्यापासनंच खोटा हुता. मला ठाव नव्हतं गं, देवाशपथ!"

गोजरबाई उशीला टेकून उठून बसल्या.

"म्हंजी सतरा वर्सं ती मोकळीच हुती?"

"व्हय."

"ह्याच घरात?"

"आसंल."

"आन मला कवा काय केलं न्हाई?"

भाऊंनी 'नाही' म्हणून मान हलवली. गोजरबाईंनी दोरा गळ्यातून काढला, डबी भाऊंच्या हातात ठेवली आणि कोपऱ्यातल्या पाटाकडे बघून हात जोडले. "बाई, उगा घाबरले म्या तुला. सतरा वर्सं एका घरात नांदलो आपन!" त्यांच्या कपाळावर घाम फुटला. संध्याकाळपर्यंत ताप पार उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. भाऊ समोर उभे राहून छाती काढून म्हणाले, "काय बी म्हन, गोजर, कंपनी मात्र म्या वळखून धरली! खरं-खोटं मला वासावरनं कळतं."

स्वयंपाकघरातून कुणीतरी खळखळून हसलं.

गोजरबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या तोंडात शेंगदाणे होते. घरात तिसरं माणूस नव्हतं, रेडिओ बंद होता, मागच्या दाराला आतून कडी होती. भाऊ एकदा स्वयंपाकघराकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिले.

हे मात्र त्यांनी कुठेच तपासायला पाठवलं नाही!